रडायची मुदत

१९ मे

डॉक्टर उपेल म्हणाली, वही करा. कुठली गोळी कधी घेतली, झोप किती, भूक किती, हात कसा, सगळं लिहून पुढच्या वेळी आणा. मी म्हटलं, मी केस कापणारी बाई, मला कात्री धरता येते, पेन नाही. तर म्हणते, "कात्री तरी कुठं धरता येतेय? म्हणून तर आलात." खरं बोलली.

तर लिहिते. पांढरी गोळी फेब्रुवारीपासून चालू. तिच्यामुळे अंथरुणातून उठायला लागले हे कबूल. पण सकाळी मळमळ आणि हाताला कापरं. परवा शाळेच्या मुख्याध्यापकांचा कान कापला. थोडासाच, पण कानातून रक्त किती येतं हे ज्याचा कान कापला त्यालाच कळतं. ते भले गृहस्थ म्हणाले, "कान जागेवर आहे ना? मग झालं." ते गेल्यावर माहाबात म्हणाली, "जिपार, तू आठवडाभर नुसती झाडू मार." दुकानात दोनच खुर्च्या, एक तिची, एक माझी.

आता आठवडाभर अर्धी पांढरी आणि अर्धी पिवळी. मग पांढरी बंद, पिवळी पूर्ण. मनानं काही बंद करायचं नाही, असं डॉक्टरनं दोनदा बजावलं.

ही वही तिला दाखवणार नाही, हे आत्ताच ठरवलंय. तिच्यासाठी वेगळा कागद करीन.

माझा नवरा तालाय, त्याला जाऊन आठ महिने होत आले. तो जनावरांचा डॉक्टर होता. वरच्या कुरणावर मेंढ्यांना लस टोचायला गेला आणि खोगिरावरून खाली पडला तो उठलाच नाही. छातीत बंद पडलं म्हणाले. हे लिहिताना हात कापतोय, पण तो गोळीमुळे.

२६ मे

जांभया. दिवसभर जांभया, झोप मात्र नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसून सुनेच्या तक्रारी सांगतंय आणि मी तिच्या टाळूवर जांभया देतेय. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. आपांनी खिशात कुरुत भरून दिलं, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. "चघळत राहा, लाळ सुटते," म्हणाल्या.

आपा म्हणजे माझ्या सासूबाई. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे आता घरात आम्ही दोघीच. आपा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून गाय स्वतः पिळतात.

त्यांना सांगितलंय की गोळ्या पित्ताच्या आहेत. डोक्याच्या म्हटलं असतं तर दोन दिवसांत सगळ्या नारीन गावाला कळलं असतं आणि मग माझ्या खुर्चीत कोण बसलं असतं? आपांनी विश्वास ठेवला. रोज सकाळी चहाच्या वाटीशेजारी गोळ्यांची पट्टी स्वतः आणून ठेवतात आणि मी गिळेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसतात. माझ्या पित्ताला फार जपतात बिचाऱ्या.

११ जून

सात तास झोप. हात स्थिर. दुपारी एक नवरी आली होती, तिची वेणी मी घातली आणि माहाबात बघतच राहिली. माहाबातनं आपल्या नवऱ्याच्या बैलासारख्या चालण्याची नक्कल केली तेव्हा मी हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की मी हसले.

पिवळी गोळी लागू पडली. देव डॉक्टर उपेलचं भलं करो.

३ जुलै

गल्लीच्या टोकाची म्हातारी गेली. तंबू उभारला होता. आम्ही बायका आत ओळीनं बसलो, रीतीप्रमाणे तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. एकेकीनं कोशोक सुरू केला. मेलेल्याशी बोलत बोलत, त्याचं सगळं आयुष्य गाऊन रडायचं, त्याला आम्ही कोशोक म्हणतो. मोल्दो, म्हणजे आमचा मुल्ला, दर वेळी सांगतो की मोठ्यानं रडणं पाप आहे. बायका माना डोलावतात आणि रडतात.

सगळ्या रडल्या. म्हातारीला जन्मात न भेटलेल्याही रडल्या. मी कोरडी. मला ती आवडायची, माझ्याकडेच केस कापायची, पैशांऐवजी अंडी आणायची. घशाशी काही आलंच नाही. आत कुणीतरी दिवा विझवून गेल्यासारखं.

बाहेर पडताना बुर्माकान एजेनं गाठलं. ही तालायची मोठी बहीण, म्हणून एजे, ताई; माझी नणंद. पोस्टात आहे, आवाज तिथलाच, काउंटरपलीकडचा.

"काय गं, डोळ्याला रुमालसुद्धा लावला नाहीस?"

"बरं वाटत नव्हतं एजे."

"सप्टेंबरात माझ्या भावाचं वर्षाचं जेवण आहे. तेव्हा काय करशील? घसा खाकरशील?"

तिचं चुकत नव्हतं, हेच डाचलं.

९ जुलै

आज परीक्षा घेतली स्वतःची. आपा गाय घेऊन नदीकडे गेल्यावर तालायची पेटी उघडली. त्याची टोपी हुंगली. लग्नातला फोटो बघितला. त्याचा शेवटचा व्हिडिओ लावला, त्यात तो एका कोकराला शिव्या देतोय. मग दोन कांदे चिरले. कांद्यानं पाणी आलं, तालायनं नाही.

विसरले का मी त्याला? पहिल्या दिवसांत मी अशी रडले होते की बायकांनी धरून ठेवलं होतं. हिवाळाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेव्हा तो माझ्याजवळ होता. आता मी जेवते, झोपते, वेण्या घालते आणि तो नाही. ही गोळी दुःख नेते म्हणून घेतली, ती दुःखाबरोबर माणूसही घेऊन गेली.

तो गेला त्या सकाळचं तेवढं आठवतं. चिखलाच्या बुटांवरून भांडलो होतो. मी उठलेच नाही, पांघरूण ओढून पडून राहिले. तो चहा न घेता गेला. हे कुणाला माहीत नाही.

१२ जुलै

डॉक्टरला विचारलं की रडू येत नाही, हे गोळीचं का? म्हणाली, "काहींना होतं. रडू येत नाही, हसूही पुरतं येत नाही. कमी करून बघता येईल, दुसरी देऊन बघता येईल. पण आत्ता कुठं तुम्ही सावरताय. हा हिवाळा जाऊ दे. घाई आहे का काही?"

मी नाही म्हटलं. काय सांगणार तिला? राजधानीत, बिश्केकला शिकलेली, पांढरा डगला घातलेली बाई. मला नवऱ्यासाठी चारचौघांत रडायचंय म्हणून औषध कमी करा, असं म्हणायचं? हसली असती.

१७ ऑगस्ट

दिवस ठरला. अठ्ठावीस सप्टेंबर. बुर्माकान एजे, तिचा नवरा, दोन चुलते आले होते. घोडी कुठली कापायची, तंबू कुणाचा आणायचा, किती माणसं. मी चहा ओतत होते. एजे म्हणाली, "आणि कोशोक? बायको पहिली, मग आई, मग आम्ही. सगळा तालुका ऐकायला येतोय. तालायनं कुणाची मेंढी नाही वाचवली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपा म्हणाल्या, "तिचं ती बघेल. तू मटणाचं बघ."

म्हणजे शेवटची संधी. त्या दिवशी काळे कपडे उतरवतात, पांढरा रुमाल बांधतात आणि मग संपलं. त्यानंतर कुणी मोठ्यानं रडायचं नाही. एक वर्ष मिळतं माणसाला, त्याहून जास्त नाही. हिवाळ्यात आपा गोठ्यात एकट्याच गुणगुणायच्या, ते मला अंथरुणातून ऐकू यायचं. आपला कोशोक घडवत होत्या, एक एक ओळ दुधाबरोबर पिळल्यासारखी. त्यांचा तयार आहे. माझ्याजवळ काही नाही.

१ सप्टेंबर

गोळी घेतली नाही. आपांनी पट्टी ठेवली, मी एक काढून तोंडात टाकल्यासारखं केलं आणि नंतर चुलीत टाकली. चार आठवडे आहेत. तेवढ्यात रक्तातून निघून जाईल आणि रडू परत येईल. वर्षाचं जेवण झालं की पुन्हा सुरू करीन. एक महिना गोळी चुकवल्यानं कुणी मरत नाही.

५ सप्टेंबर

डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात ठिणगी उडते. लोकरीचा स्वेटर अंगातून काढताना चटचट होतं ना, तसं, पण कवटीच्या आत. पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागते. घाम, आणि पुन्हा त्या जांभया. मी खूश आहे. गोळी निघतेय.

१० सप्टेंबर

रडू आलं! पण कशावर, तर टीव्हीवरच्या चहाच्या जाहिरातीवर. एक आजोबा नातवाला कप देतात, बस एवढंच. मी हुंदके देऊन रडले. मग बाजारात एक टोमॅटो कुणाच्या तरी पायाखाली आला तेव्हा रडले. दुकानात एका बाईला पहिला पांढरा केस दिसला, ती हसत होती, मी रडत होते. तिनं अर्धेच केस कापून घेतले आणि निघून गेली.

माहाबात म्हणाली, "तुला झालंय काय? तू ते औषध घेतेस ना?"

"कुठलं औषध?"

"मला काय डोळे नाहीत? इतके महिने तुझ्या शेजारी उभी आहे. घरी जा जिपार. आणि डॉक्टरकडे जा."

घरी आले, डॉक्टरकडे नाही. तालायची टोपी काढली. म्हटलं, आता नळ उघडाच आहे तर. टोपीवर काहीच आलं नाही. कसलं हे? टोमॅटोवर रडते आणि नवऱ्यावर नाही!

१५ सप्टेंबर

आज आपांवर ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं हल्ली काहीतरी बिघडलंय, म्हातारपण असेल. भलतंसलतं विचारत बसतात. सकाळी कणीक मळताना विचारतात, "त्यानं तुला पहिल्यांदा कुठं बघितलं गं?" मी सांगितलं, कोचकोरच्या बसस्टँडवर, मला मटण भरलेला गरम सामसा घेऊन दिला आणि माझी जीभ भाजली. तर लगेच, "एकांतात काय म्हणून हाक मारायचा?" आता हे काय सासूनं विचारायचं? मी लाजून म्हटलं, कातरबाई म्हणायचा. त्या मनात घोकल्यासारखं ओठ हलवत राहिल्या. मग म्हणतात, "आणि शेवटचं काय बोललात?"

तेव्हा मात्र डोक्यात सगळ्या ठिणग्या एकदम उडाल्या. म्हटलं, "भांडलो! भांडलो आम्ही, आणि मी उठून चहासुद्धा दिला नाही, ऐकायचं होतं ना, ऐकलंत?" कणकेचं भांडं खाली आपटलं.

आपांनी पीठ गोळा केलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाळा, पित्त फार खवळलंय तुझं." आणि पट्टी आणून समोर ठेवली. तिच्यात जितक्या रिकाम्या जागा हव्यात तितक्या आहेत, मी रोज एक जाळते. तरी त्यांनी पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघितली. नंतर चुलीतली राख काढायला बसल्या.

२२ सप्टेंबर

रोज स्वप्न पडतं, तालाय केस कापायला बसलाय आणि मला आरशात त्याचं तोंड दिसत नाही. जागी होते तेव्हा उशी ओली असते, घामानं.

कोशोकच्या ओळी जुळवायला बसले. दोन जुळल्या. त्या म्हणून बघितल्या तर दुकानाच्या पाटीसारख्या वाटल्या. आपा गोठ्यात आहेत, गुणगुणताहेत. पण चाल बदललीय. हिवाळ्यातली नाही.

२९ सप्टेंबर

काल झालं. लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

तंबूत ओळीनं बसलो. मी टोकाला, माझ्याशेजारी आपा, मग चुलत्यांच्या बायका. तोंडं भिंतीकडे, डोक्यावरून काळे रुमाल ओढलेले. बाहेर तीनशे माणसं असतील. बुर्माकान एजे पाहुणे घ्यायला दाराशी होती. घोडेस्वार आरोळ्या देत आले, खाली उतरले आणि बाहेर सगळं शांत झालं. माझी वाट बघत होते.

मी तोंड उघडलं. आणि जांभई आली.

जबडा दुखेपर्यंत आली. एक झाली की दुसरी. कवटीत चटचट, अंगाला घाम, समोरच्या भिंतीच्या काठ्या पोहायला लागल्या. मी मनात म्हणत होते, तालाय, तालाय, एक थेंब दे. तीन आठवडे रस्त्यावरच्या कुत्र्यापासून टोमॅटोपर्यंत सगळ्यांसाठी रडले होते. आता काही नाही. बाहेर कुणीतरी खोकलं. कुजबुज सुरू झाली.

तेव्हा गुडघ्यावर आपांचा हात आला. आणि माझ्या कानाशेजारी कोशोक सुरू झाला.

आपांचाच आवाज, पण उंच लावलेला, ताणून, मधल्या वयाच्या बाईचा केलेला. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं त्यांनी आपला सुरू केला, पाळी सोडून. मग शब्द ऐकू आले.

कोचकोरच्या बसस्टँडवर तू मला सामसा दिलास रे,
भाजलेली जीभ घेऊन मी तुझ्या घरी आले.
कातरबाई म्हणून हाक मारणारा गेलास,
आता मला माझ्या नावानं सगळे हाका मारतील.

पाठीमागच्यांना आमच्या पाठीच दिसतात. कुणाचे ओठ हलताहेत हे बाहेर कुणाला कळणार? आपा पाऊण तास गायल्या. आपल्या पोटच्या मुलाला नवरा म्हणून हाका मारल्या. अंथरूण थंड पडलं म्हणाल्या. कूस उजवली नाही, मला माफ कर म्हणाल्या, माझ्या वतीनं. आणि शेवटी,

बुटांच्या चिखलाचा राग होता, तुझा नव्हता रे,
चहा मी ओतला होता, तू मागं वळून बघितलं नाहीस.

मी ओतला नव्हता. आपांना ठाऊक होतं.

बाहेर बायका हमसून रडायला लागल्या. पुरुषांचे हुंदके ऐकू आले. शेजारच्या चुलत्यांच्या बायकांना कळलं असणार, त्यांनी रुमाल आणखी खाली ओढले आणि गप्प राहिल्या.

मग कुणीतरी बाहेरून म्हणालं, आता आई. आपांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा निघाली. दोनदा प्रयत्न केला. मग मान हलवली. "थकल्या बिचाऱ्या," लोक म्हणाले, आणि पुढच्या बाईनं सुरू केलं.

दुपारी माझे काळे कपडे उतरवले, पांढरा रुमाल बांधला. ओळखीपाळखीच्या बायका येऊन गळ्यात पडल्या. एक म्हणाली, असा कोशोक मी आईच्या वेळीही ऐकला नव्हता, जिपार. मी मान खाली घालून उभी होते.

१ ऑक्टोबर

बुर्माकान एजे आली. आपा झोपल्या होत्या. उंबऱ्यातच उभी राहिली.

"मी आईचा आवाज ओळखणार नाही असं वाटलं तुला?"

मी आपांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"आईचा कोशोक बाळंतपणापासून सुरू होतो. मी ऐकलाय तो, हिवाळ्यात ती माझ्याकडे आठ दिवस राहिली होती तेव्हा. तालाय कुरणावर झाला, अवेळी बर्फ पडलं, दाई पोचलीच नाही, तिनं स्वतःच नाळ कापली. तिथून सुरू होतो. ताप येऊन आठ दिवस पडला होता तो, पहिली शाळा, पहिलं घोडं, सगळं आहे त्यात. वर्षभर जुळवला तिनं. ही एक वेळ होती म्हणायची. आणि परवा काय ऐकलं मी? बसस्टँड!" तिचा आवाज फाटला. काउंटरपलीकडचा राहिलाच नाही. "तिला मुलासाठी रडायचं होतं. ते तू घेतलंस."

मी तिला सगळं सांगितलं. गोळ्या, जांभया, चूल. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. ती ऐकत होती. म्हणाली, "मग आधी का नाही बोललीस? मी तुला कोरडी म्हणायचे ते ऐकून घेत राहिलीस." मग रागानं डोळे पुसले, "बोलली असतीस तरी मी म्हणालेच असते म्हणा." आणि निघून गेली. माफ केलं की नाही, ते कळलं नाही.

३ ऑक्टोबर

डॉक्टरकडे गेले. पाय धड पडत नव्हते, माहाबातनं हाताला धरून नेलं. एकदम बंद केली म्हटल्यावर डॉक्टर उपेलनं पेन खाली ठेवलं.

"का केलंत असं?"

सांगितलं. हसली नाही.

"मलाही माझ्या वडिलांच्या वेळी बसायचं होतं तंबूत," म्हणाली. "जुलैमध्ये विचारलं होतं मी, घाई आहे का. तारीख सांगितली असतीत तर तेव्हापासून थोडी थोडी खाली आणली असती. निदान प्रयत्न केला असता. मी काय मॉस्कोहून आलेय का?"

मला तिचा पांढरा डगला दिसला होता. त्याच्या आत कोण आहे ते बघितलंच नव्हतं.

आता तिसरी गोळी, अगदी लहान, चौथाई तुकड्यापासून. ठिणग्या आठवडा-दोन आठवड्यांत जातील. मी विचारलं, डोळे पुन्हा आटतील? म्हणाली, "सांगता येत नाही. काहींचे आटतात, काहींचे नाही. साधारण तीन आठवड्यांत अंदाज येईल."

म्हणजे तीन आठवडे हातात आहेत.

५ ऑक्टोबर

सकाळी आपांनी पट्टी आणून ठेवली. मी म्हटलं, "आपा, या पित्ताच्या नाहीत."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजून बसलेलाच आहे, गंजलेल्या बिजागरीसारखा. "फेब्रुवारीत तू उठून चूल पेटवलीस. पित्ताच्या गोळीनं कुणी उठत नाही. मी तेव्हापासून त्या डॉक्टरणीसाठी दुवा मागते."

मी चौथाई तुकडा गिळला. त्यांनी या वेळी खिडकीतून बाहेर बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं.

मी म्हटलं, "आपा, तुमचा कोशोक मला ऐकायचाय. बर्फापासूनचा."

"वर्ष झालं बाळा. आता नाही म्हणायचा."

"तुम्ही माझं गायलात. स्वतःचं का टाकलंत?"

त्या वाट्या गोळा करायला लागल्या. म्हणाल्या, "तो माझा गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आई रडली नाही तर लोक म्हणतात, थकली. बायको रडली नाही तर काय म्हणाले असते? तुला याच गावात राहायचंय. मी किती दिवसांची?"

तेव्हा आलं. पोटातून आलं, आवाजासकट. तालायचं नाव घेऊन आलं. चहाचं आलं, बुटांचं आलं, आणि या म्हातारीच्या बसलेल्या घशाचं आलं. मला थांबवता येईना. मी जमिनीवर बसून गुरासारखी ओरडून रडत होते.

आपा घाबरल्या. "हळू गं, हळू. भिंत पातळ आहे, शेजारी ऐकतील. पांढरा रुमाल बांधलेली बाई अशी रडते का?" त्यांनी खिडकी लावली, दार लावलं. तरी माझं चालूच. मग इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यात गेल्या आणि कपडे धुवायच्या जुन्या मशीनचं बटण फिरवलं. आत एक कपडा नव्हता. मशीन खडखडत, नाचत भिंतीवर आदळायला लागलं.

मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. मीही तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी त्या गंजक्या आवाजात सुरू केलं. बर्फ पडत होतं, म्हणाल्या, दाई खिंडीत अडकली होती, म्हणाल्या, तू निळा जन्मलास आणि मी तुझ्या तोंडात माझा श्वास भरला. पुढचं अर्धं मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते.

मशीन थांबलं की दोघी एकदम गप्प व्हायचो. आपा गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, बटण फिरवायच्या आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथून पुढं म्हणायच्या. तीन वेळा फिरवलं.